शंभर पत्ते, दोन रंग

डोणगावात पत्ते कोणी शिकवत नाही, ते येतात. मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आमचे गाव. पेरणी आटोपली, झड लागली, वावरात पाय घालता येईना, की ओट्यावर सतरंजी पडते आणि मेंढीकोटचे चौघे समोरासमोर बसतात. भिडू ठरलेले असतात. चारही दश्श्या ज्यांच्या हाती लागल्या त्यांनी कोट चढवला. बाजूला पोरे बदाम सात लावतात, त्यांच्याहून लहान असतात ती झब्बूवरून भांडतात. मीही याच क्रमाने झब्बूपासून मेंढीकोटपर्यंत आलो. इतक्या वर्षांत एक प्रश्न मात्र माझ्या मनात कधी आला नाही : हा जोड असाच का? बावन्नच पत्ते का, चारच रंग का? जोड दुकानातून येतो, सगळ्या घरांत तोच असतो, आणि खेळणाऱ्याची अक्कल पत्ते पिसून वाटून झाल्यावर कामाला लागते.

ही पुस्तिका ज्या खेळाबद्दल आहे त्यात ती अक्कल आधी लागते. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळात प्रत्येक जण आपला जोड स्वतः बांधून आणतो. कोणते पत्ते घ्यायचे, कोणत्या रंगांचे, किती आणि कशासाठी, हे बैठकीला येण्याआधी घरी ठरते. खेळणारे त्या जोडाला डेक म्हणतात. मीही तेच म्हणेन. चौघांच्या बैठकीसाठी, दोन रंगांचा, एका विषयाभोवती बांधलेला डेक कसा करावा, एवढाच या पुस्तिकेचा आवाका आहे.

मी या खेळात उशिरा आलो. पुण्यात शिकणारा भाचा दिवाळीच्या सुटीत पत्त्यांचा एक खोका घेऊन आला. दोन दिवस त्याच्या पत्त्यांवर खेळल्यावर तो म्हणाला, “मामा, आता तुम्ही तुमचा डेक करा, मग बसू.” मी त्याच्या खोक्यातून मला सर्वांत जोरकस वाटलेले पत्ते वेचले. पाचही रंगांतले, मोठ्या आकड्यांचे, ज्यांचे चित्र पाहूनच समोरचा घाबरेल असे. चौघे बसलो. पहिल्या सहा फेऱ्यांत मला दोन पत्ते खाली ठेवता आले. हातात ड्रॅगन होता, पण त्याला लागणारा रंग जवळ नव्हता. जो रंग होता त्याचा पत्ता हाती नव्हता. डाव संपल्यावर भाच्याने माझे पत्ते उलगडून पाहिले आणि शांतपणे विचारले, “मामा, हा डेक काय करतो?”

मला उत्तर देता आले नाही. ही पुस्तिका त्या प्रश्नातून निघाली आहे, आणि पुढच्या प्रत्येक पानाला तोच प्रश्न विचारावा अशी माझी वाचकाला विनंती आहे.

खेळाचा इतिहास थोडक्यात सांगतो. रिचर्ड गारफिल्ड हा अमेरिकेतला गणिताचा अभ्यासक. संचय आणि मांडण्यांचे जे गणित आहे, त्याच शाखेत त्याने डॉक्टरेट केली. ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या तेव्हाच्या छोट्या कंपनीच्या पीटर अॅडकिसनकडे तो एक वेगळाच पटावरचा खेळ घेऊन गेला होता. अॅडकिसनला हवा होता झटपट मांडता येणारा, पिशवीत मावणारा खेळ. १९९३च्या ऑगस्टमध्ये मॅजिक बाजारात आले ते त्यातून. पहिल्या छपाईत २९५ वेगवेगळे पत्ते होते. आज ही संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली आहे. जपानचे पोकेमॉनचे पत्ते १९९६चे, म्हणजे या वाटेने नंतर आलेले. आपल्याकडच्या मुलांना संग्रहाची गोडी च्युइंगमसोबत मिळणाऱ्या क्रिकेटच्या कार्डांनी आणि कुस्तीवीरांच्या ट्रम्प कार्डांनी लावली होतीच. पण ती कार्डे जमवायची आणि जिंकायची असत. त्यांतून निवड करून काही बांधायचे नसे.

मात्र पत्त्यांचा जोड एखाद्या विषयावर बांधावा, ही कल्पना परदेशातून आली असे कोणी म्हणाले तर मी त्याला सावंतवाडीला पाठवीन. तिथल्या राजवाड्यात आजही गंजिफा हाताने रंगवल्या जातात. गोल पत्ते, चिंचोक्याच्या खळीने तयार केलेला कागद, त्यावर रंग आणि वर लाखेचा लेप. दशावतारी गंजिफाच्या जोडात १२० पत्ते असतात. रंग दहा, प्रत्येक अवताराचा एक. रंगागणिक बारा पत्ते, म्हणजे राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंत. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू. तिघे बसतात, प्रत्येकाच्या हाती चाळीस पत्ते येतात. दिवसा खेळताना रामाच्या राजाने डाव उघडतो, रात्री कृष्णाच्या.

गंजिफा हा खेळ मुघलांबरोबर दरबारांत रुळला. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळच्या बारा रंगांच्या जोडाचे वर्णन अबुल फजलने केले आहे. पुढे जो आठ रंगांचा, ९६ पत्त्यांचा जोड सर्वत्र पसरला, त्यातले रंग दरबाराचे होते : ताज, शमशेर, गुलाम, बरात, किमाश. मग कोणीतरी बसून ठरवले की चौकट हीच ठेवू, राजा-प्रधान आणि दहा पत्ते हेच ठेवू, पण विषय आपला घालू. दरबार गेला आणि दशावतार आला. नवग्रहांचा १०८ पत्त्यांचा जोड झाला, बारा राशींचा १४४ पत्त्यांचा झाला. ज्या कोणी हे केले त्याचे नाव राहिले नाही, पण आज ज्याला आपण ‘थीम डेक’ म्हणतो तेच काम त्याने केले. खेळाचे नियम एक गोष्ट सांगतात आणि पत्त्यांवरचा विषय दुसरी. दोन्ही एकमेकांना धरून राहतील असा जोड त्याने बांधला.

गंजिफातली आणखी एक खुबी मला फार आवडते. निम्म्या रंगांत राजा आणि प्रधानाखाली दश्शी सर्वांत मोठी. उरलेल्या निम्म्या रंगांत क्रम उलटा, तिथे एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. एकाच जोडात दोन स्वभाव. एका अर्ध्यात जे बळ, तेच दुसऱ्या अर्ध्यात दुबळेपण. खेळणाऱ्याला दोन्ही क्रम एकाच वेळी डोक्यात ठेवावे लागतात. विसाव्या शतकात ही कला जवळपास बुडाली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात चितारी कारागिरांना राजवाड्यात जागा दिली, काम दिले, स्वतः ती शिकून घेतली आणि जगवली. पत्ते रंगवणे जगले. खेळणे मात्र फारसे जगले नाही. आज हे जोड भेट म्हणून विकत घेतले जातात आणि काचेआड ठेवले जातात. मला याची खंत वाटते. जोड कितीही देखणा असो, तो चौघांच्या हातांत मळला पाहिजे.

आता मॅजिककडे. इथे रंग पाच आहेत : पांढरा, निळा, काळा, लाल आणि हिरवा. हे रंग इस्पिक-बदामासारखे नुसते ओळखीपुरते नाहीत. प्रत्येकाला स्वभाव आहे. पांढरा शिस्त आणि समूह मानतो. निळा ज्ञान मानतो, घाई करत नाही, समोरच्याची चाल होण्याआधीच रद्द करतो. काळ्याला सत्ता हवी आणि तिच्यासाठी तो स्वतःचे रक्तही मोजून देतो. लाल मनात आले की करतो : जाळतो, तोडतो, धावत सुटतो. हिरवा वाढतो. हे पाच रंग या क्रमाने एका वर्तुळावर मांडलेले असतात. शेजारचे दोन मित्र, समोरचे दोन विरोधी. निळ्याचे शेजारी पांढरा आणि काळा. लाल आणि हिरवा त्याच्या विरोधात.

प्रत्येक रंगाला जसे काही येते, तसे काही येतच नाही. लाल रंग यंत्र फोडू शकतो, प्राणी जाळू शकतो, पण एखाद्याने मंतरून ठेवलेला कायमचा प्रभाव त्याला सहसा हटवता येत नाही. काळा प्राणी सहज मारतो, पण यंत्रापुढे बहुतेक वेळा हात टेकतो. निळा येणारी गोष्ट अडवतो, आलेली मालकाच्या हातात परत धाडतो, पण क्वचितच नष्ट करतो. एकाच रंगाचा डेक केला तर पाहिजे तो रंग नेहमी मिळतो, मात्र त्या रंगाचे वैगुण्यही शंभर टक्के आपले होते. पाच रंगांचा केला तर वैगुण्य उरत नाही. पण माझ्या पहिल्या डेकसारखी गत होते.

दोन रंगांचे गणित मला कोणत्याही पुस्तकापेक्षा आमच्या शिवाराने आधी समजावले. मेहकर तालुक्यात खरिपात नजर टाकाल तिकडे सोयाबीन. पण नीट पाहिले तर मधूनमधून तुरीचे तास असतात. सोयाबीन शंभर-एक दिवसांत घरी येते. तूर तेव्हा अजून फुलावर यायची असते आणि थंडीत शेंगा धरते. सोयाबीन निघाले की तुरीला मोकळी जागा आणि ऊन मिळते. एकाची मुळे वरवर, दुसरीची खोल. पाऊस मध्येच ओढला आणि सोयाबीनने दगा दिला तरी तूर थोडेफार हाती देते. म्हणून कोणी त्याच वावरात आणखी तीन पिके कोंबत नाही. मग फवारणीचा मेळ लागत नाही आणि काढणीलाही अडचण होते. एक लवकर येणारे, एक उशिरा येणारे, आणि दोघे एकमेकांच्या आड न येता उभे राहतील एवढेच तास.

दोन रंगांच्या डेककडे मी असे पाहतो. दहा जोड्या होतात, आणि खेळणाऱ्यांनी त्यांना नावेही दिली आहेत. २००५ साली सुरू झालेल्या ‘रॅव्हनिका’ या संचमालेत एका महानगरातले दहा संघ दाखवले, प्रत्येक संघ दोन रंगांचा. निळा-लाल संघ ‘इझेट’, काळा-हिरवा ‘गोल्गारी’, पांढरा-लाल ‘बोरोस’. तेव्हापासून जगभरचे खेळाडू निळ्या-लाल डेकला इझेटच म्हणतात. त्या दहांची ओळख पुढे वेगळ्या प्रकरणात आहे. इथे मी एकाच जोडीवर थांबतो, कारण दहांवर दहा ओळी लिहिण्यापेक्षा एकीवर दोन पाने लिहिली तर वाचकाच्या हाती जास्त लागेल.

त्याआधी चौघांच्या खेळाची रीत सांगायला हवी. या प्रकाराला ‘कमांडर’ म्हणतात. तो कंपनीने काढलेला नाही. १९९०च्या दशकात अलास्कातल्या खेळाडूंनी आपल्या घरच्या बैठकीसाठी तो रचला, शेल्डन मेनरी या पंचाने तो पुढे नेला आणि कंपनीने २०११ साली त्यासाठी तयार डेक छापून त्याला आपले म्हटले. मेनरी २०२३ मध्ये गेले. शंभर पत्ते, त्यांत एक कमांडर, म्हणजे डेकचा म्होरक्या, आणि बाकी नव्याण्णव. साध्या लँडखेरीज कोणताही पत्ता दोनदा घ्यायचा नाही. कमांडरच्या पत्त्यावर जे रंग आहेत त्यांच्या बाहेरचा एकही पत्ता चालत नाही. म्हणजे कमांडर दोन रंगांचा निवडला की डेकची वेस आखली गेली. प्रत्येकाचे प्राण चाळीस. एकाच कमांडरने हातघाईत एकवीसचा घाव घातला तर प्राण उरलेले असले तरी माणूस बाद. कमांडर मेला तर बाजूला ठेवून पुन्हा आणता येतो, मात्र दर खेपेला दोन माना जादा मोजून. माना म्हणजे पत्ते खेळण्याचा खर्च. तो लँड नावाच्या पत्त्यांतून निघतो, लँड आडवा केला की माना मिळतो, आणि फेरीला एकच लँड खाली ठेवता येतो.

आता उदाहरण. मी निवडलेला कमांडर आहे ‘सहेली, द गिफ्टेड’. नाव वाचून मीही चमकलो होतो. २०१६ साली कंपनीने ‘कलादेश’ नावाचा संच काढला. त्यातले जग भारतावरून सुचलेले आहे : पितळेची नक्षी, जाळीकाम, कारागिरांचे मेळे, रश्मी आणि पिया अशी नावे. इंग्रजी अक्षरांत ते नाव ‘कलादेश’ असेही वाचता येते आणि ‘काला देश’ असेही; २०२५च्या सुरुवातीला आलेल्या संचात त्या जगाचे नाव बदलून ‘आविष्कार’ केले गेले. मला हे नवे नाव आवडले. सहेली राय ही त्या जगातली धातूची कारागीर, पाहिलेली कोणतीही वस्तू हुबेहूब घडवणारी. २०१८च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या एका तयार डेकची ती कमांडर होती, निळी आणि लाल.

वर्तुळावर हे दोन रंग विरोधी आहेत. एक विचार करून थांबतो, दुसरा विचाराआधीच धावतो. मग त्यांना एकत्र कोण आणील? कारागीर. ठोका लाल रंगाचा, नकाशा निळ्या रंगाचा. म्हणून या डेकचा विषय यंत्रे हा आहे, आणि तो चित्रांपुरता नाही. सहेली दर फेरीला दोनांपैकी एक करते : एक तर एक लहानसे यंत्र घडवते, नाही तर आपल्याकडे जितकी यंत्रे असतील तितक्या मानाने पुढचा पत्ता स्वस्त करते. पुरेशा फेऱ्या ती टिकली तर एका फेरीपुरती आपल्या प्रत्येक यंत्राची प्रतिकृती उभी करते, आणि त्या प्रतिकृती लगेच हल्ला करू शकतात.

दोन रंग एकमेकांशी कसे बोलतात हे तीन पत्त्यांवरून पाहा. ‘थॉप्टर इंजिनिअर’ हा लाल पत्ता. तो एक उडते यंत्र आणतो आणि आपल्या यंत्र-प्राण्यांना आल्या आल्या धावायची मुभा देतो. ‘व्हर्लर रोग’ हा निळा. तो अशी दोन उडती यंत्रे आणतो, आणि आपली कोणतीही दोन यंत्रे आडवी केली की एखादा प्राणी अडवता येत नाही असा करतो. एकाने वेग दिला, दुसऱ्याने वाट मोकळी केली. तिसरा ‘व्हँडलब्लास्ट’, लाल रंगाचा : जास्त माना मोजले तर तो इतर तिघांची सगळी यंत्रे फोडतो आणि आपल्या यंत्रांना हात लावत नाही. दुसऱ्या एखाद्या डेकमध्ये हा कामाचा पत्ता आहे. यंत्रांच्या डेकमध्ये तो जणू त्याच्यासाठीच छापलेला आहे. विषय धरून निवड केली की पत्त्यांची किंमत अशी बदलते. बाजारात जो पत्ता महाग तोच आपल्या डेकमध्ये मोठा, असे राहत नाही.

माना देणारी लहान यंत्रेही याच विषयात बसतात. ‘सोल रिंग’ १९९३पासूनचा पत्ता, आणि तो जवळपास प्रत्येक कमांडर डेकमध्ये असतोच. इतर डेकमध्ये तो फक्त माना देतो. इथे तो यंत्र म्हणूनही मोजला जातो, सहेलीचा पुढचा पत्ता स्वस्त करतो, तिच्या शेवटच्या करामतीत त्याची प्रतही निघते. डेकमधल्या प्रत्येक पत्त्याला दोन कामे लावता आली तर शंभर पत्ते दीडशेसारखे वागतात.

पण विषयाचा मोह आवरावा लागतो, आणि नवीन माणूस इथेच घसरतो. यंत्रांचा डेक म्हणून नव्याण्णव यंत्रे भरली की डेक मेला. मी माझ्या वहीत आधी हिशेब लिहितो : लँड ३७, माना देणारी यंत्रे १०, जादा पत्ते ओढू देणारे १०, समोरच्याचा धोका दूर करणारे ९, आणि सगळा पट पुसून काढणारे ३. झाले ६९. विषयासाठी उरले तीस. तीस ऐकून मन खट्टू होते. मात्र वर सांगितल्याप्रमाणे त्या दहा यंत्रांनी आणि व्हँडलब्लास्टसारख्या पत्त्यांनी विषयातही भर घातलेली असते.

३७ लँड कशासाठी, तेही पाहा. पहिल्या हातात सात पत्ते येतात. नव्याण्णवात ३७ लँड असतील तर सरासरी अडीचाहून किंचित जास्त लँड हाती लागतात. तिथून सुरुवात होते. पंचवीस-तीस ठेवले तर मोठे पत्ते हातात धरून बसायची वेळ येते. दुसरे गणित जास्त महत्त्वाचे आहे. आपल्याला अतिशय आवडणारा एखादा पत्ता पहिल्या सातांत असण्याची शक्यता सात टक्के. त्याच्यावर डेक उभा करू नये. पण एकच काम करणारे दहा पत्ते डेकमध्ये असतील, तर पहिल्या दहा पत्त्यांत त्यांपैकी निदान एक हाती येण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के होते, म्हणजे तीन डावांत दोनदा. प्रत्येक पत्ता एकदाच घेता येतो या नियमाला उत्तर हेच : पत्ता पुन्हा येत नाही, काम पुन्हा येऊ शकते. दोन रंगांचा फायदा इथेही दिसतो, कारण एकाच कामाचे दहा पत्ते एका रंगात पुष्कळदा सापडत नाहीत, दोन रंगांत सापडतात.

लँडची वाटणी करताना बरेच जण निम्मे निळे आणि निम्मे लाल घेतात. तसे करू नका. पत्त्यांवरची रंगचिन्हे मोजा. लवकर खेळायचे पत्ते ज्या रंगाचे, त्याला झुकते माप द्या. दोन्ही रंग देणारे लँड जितके मिळतील तितके घ्या, पण त्यांतले बरेचसे खाली ठेवताना आडवेच येतात, म्हणजे त्या फेरीत उपयोगाचे नसतात. असे दहा-बाराच्या वर नेऊ नयेत असे माझे मत आहे. भाचा इथे माझ्याशी सहमत नाही.

शेवटी राहिली बैठक, आणि मला वाटते या विषयाचा गाभा तिथे आहे. दोघांच्या खेळात तुम्ही एक पत्ता खर्चून समोरच्याचा एक पत्ता मारला तर हिशेब बरोबरीचा. चौघांत तो बरोबरीचा नसतो. तुमचा एक गेला, त्याचा एक गेला, आणि हात न हलवता बाकीचे दोघे पुढे सरकले. म्हणून पट पुसणारे, किंवा एका दमात तिघांना लागू पडणारे पत्ते इथे मोलाचे. तिघांचे मिळून १२० प्राण संपवायचे असतात. पहिल्या फेरीपासून एकट्याने धावत सुटलेला लाल डेक ऐंशीच्या आसपास दमतो. मेंढीकोटमध्ये भिडू बसण्यापूर्वी ठरलेला असतो, या खेळात भिडू दर फेरीला बदलतो. आत्ता ज्याच्याबरोबर मिळून तिसऱ्याला रोखले, तोच पुढच्या फेरीत तुमच्यावर येतो आणि त्यात दगाबाजी नसते, खेळाची रीतच ती आहे. सहेलीसारखी कमांडर बाळगणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. ती दोन-तीन फेऱ्या टिकली की तिघांच्या नजरा तिच्याकडे वळतात. तिला आधी काढायचे की आधी तिच्यापुढे उभी राहतील अशी लहान यंत्रे मांडायची, हा निर्णय पत्त्यांच्या जोरावर नव्हे, समोर बसलेल्या माणसांना ओळखून घ्यायचा असतो.

आणि डेकही त्या माणसांसाठी करायचा असतो. चार डेकपैकी तीन रमतगमत चालणारे आणि एक चौथ्या फेरीत डाव संपवणारा, असे असले तर ती बैठक पुन्हा भरत नाही. २०२५च्या सुरुवातीला कंपनीने डेकच्या ताकदीच्या पाच पायऱ्या सुचवल्या, ते यासाठीच. पायऱ्या लक्षात राहिल्या नाहीत तरी चालेल, पण सतरंजीवर बसताना एकमेकांना विचारा : तुझा डेक काय करतो, किती लवकर करतो?

पैशांबद्दल स्पष्ट लिहितो, कारण पत्ते म्हटले की आपल्या घरांत आधी जुगार आठवतो आणि ती भीती खोटी नाही. या खेळाचे पत्ते बंद पाकिटांत विकले जातात; आत काय आहे ते फोडल्यावर कळते. ते पाकीट फोडण्याची चटक लागू शकते, लहान मुलांना तर लागतेच. माझा सल्ला एकच आहे. डेक करण्यासाठी बंद पाकिटे घेऊ नका. आमच्या गावात हे पत्ते विकणारे दुकान नाही, त्यामुळे आम्ही सुरुवात जुन्या बावन्न पत्त्यांच्या जोडांवर कागदाच्या चिठ्ठ्या लावून केली. पत्त्याचे नाव, खर्च, रंग आणि काम, एवढे मराठीत लिहिले की चिठ्ठी चालते. अधिकृत स्पर्धेत ती चालणार नाही. घरच्या सतरंजीवर चालते. डेक पाच-सहा बैठकींत टिकला, त्यातले कोणते पत्ते खरोखर लागतात हे कळले, की मग हवे तेवढेच सुटे पत्ते विकत घ्यावेत.

शब्दांविषयी एक खुलासा. डेक, कमांडर, लँड, माना हे शब्द खेळणाऱ्यांच्या तोंडी आहेत तसेच ठेवले आहेत. बाकी जिथे आपला शब्द होता तिथे तो वापरला : पत्ता ओढणे, पत्ता आडवा करणे, पट पुसणे. मराठीत पत्त्यांचे शब्द इतके मुरलेले आहेत की हुकमी एक्का काय किंवा पत्ता कापणे काय, पत्ते न खेळणारा माणूसही रोज बोलतो. त्या भाषेत या खेळाची नीट ओळख नसावी, हे मला बरे वाटत नव्हते.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर शंभर घरांचा कोरा तक्ता दिला आहे. त्याच्या वर एक रिकामी ओळ आहे : “हा डेक काय करतो?” पत्त्यांची नावे भरण्याआधी ती ओळ भरा. पेन्सिलने भरा, पहिल्या चार बैठकींत ती निदान दोनदा खोडावी लागेल.

डोणगाव, ता. मेहकर, जि. बुलढाणा
अक्षय्य तृतीया